रंग तीन दिवस

सातारा सोडून कासचा चढ लागला की भाद्रपदात रस्त्याच्या कडेला दोन गोष्टी उगवतात. एक तेरडा आणि दुसरी बोर्ड. 'निसर्गाच्या कुशीत', 'चुलीवरचं जेवण', 'फॅमिलीसाठी उत्तम सोय'. बोर्डामागचा माणूस बहुधा एकाच साच्यातला असतो: पन्नाशी ओलांडलेली, डोक्यावर पांढरी टोपी आणि अंगावर कुठल्या तरी पाहुण्यानं विसरलेलं विंडचीटर. मी ज्यांच्याकडे उतरतो त्यांना बापू म्हणतात. अर्थात त्या रस्त्यावर "बापू!" अशी हाक मारली तर सात-आठ बोर्डांमागून "या की!" असं उत्तर येईल.

बापूंच्या दोन खोल्या आहेत, 'सोनकी' आणि 'कारवी'. 'सोनकी'त पूर्वी नाचणीची पोती असायची, 'कारवी'त म्हैस. म्हशीचं तिथून मन निघालेलं नाही. संध्याकाळी ती पाहुण्यांच्या दाराशी येऊन उभी राहते, आणि बापू तिला 'व्हिलेज एक्स्पीरियन्स'मध्ये धरतात.

धंद्याचं गणित मात्र अवघड. सीझन जेमतेम सहा आठवड्यांचा. त्यातला एक शनिवार-रविवार गणपती नेतात, एक-दोन पाऊस. पठारावर जायला आधी बुकिंग लागतं, ते न करता आलेलं कुटुंब बापूंच्या अंगणात बसून सरकारला शिव्या घालतं; त्यांना चहा पाजावा लागतो. मधेच पितृपंधरवडा. पण तिथं बापू हटत नाहीत. "ह्या पंधरा दिवसांत लग्न न्हाई, खरेदी न्हाई, मुहूर्त न्हाई. मग माणसानं करायचं काय, सायेब? फुलं बगायची!"

2012 साली पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तेव्हापासून बापू 'आमचं युनेस्को' असं म्हणतात, जणू धाकटा मेहुणा मुंबईला मोठ्या जागेवर लागलाय. पठारावर साडेआठशेच्या वर जातींच्या फुलझाडांची नोंद आहे, हा आकडा ते जेवण वाढता वाढता सांगतात. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते; बापूंच्या पत्रकात ती दरवर्षी 'यंदाचं खास आकर्षण' असते. सीतेची आसवं ही नाजूक जांभळी वनस्पती बारीक किडे खाते, हे कळल्यापासून त्यांनी फोनवर सांगायला सुरुवात केली आहे, "आमच्याकडं व्हेज, नॉनव्हेज दोन्ही हाय. फुलांत सुद्धा!"

घरातून या जाहिरातीला पाठिंबा नाही. वहिनींच्या लेखी कवला म्हणजे पावसाळ्यातली भाजी. त्याच्याच भावकीतल्या पिवळ्या फुलाला शहरातली माणसं 'मिकी माऊस' म्हणतात आणि त्याच्यासमोर पालथी पडून फोटो काढतात, हे बघून त्या तोंडाला पदर लावतात. एकदा जेवताना त्या सहज म्हणाल्या, "तेरड्याचा रंग तीन दिवस." बापूंचा घास हातात राहिला. पाहुण्यांसमोर ही म्हण उच्चारायला त्या घरात बंदी आहे. जिनं कुणी ती काढली तिच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या नसणार, एवढं नक्की.

बापूंचं मार्केटिंग ऑफिस म्हणजे वळणावरचा एक कातळ. घरात मोबाइलला रेंज नाही, कातळावर दोन काड्या येतात. सकाळी सातला घोंगडी पांघरून ते तिथं बसतात. आधी स्टेटस. फोटो तीन वर्षांपूर्वीचा, पुण्याच्या एका पाहुण्यानं मोठ्या कॅमेऱ्यानं काढलेला. खाली 'आजचे दृश्य'. मग फोन. प्रत्येकाचा प्रश्न एकच: "फुलं आहेत का?"

"आहेत" म्हणावं तर माणूस शिव्या घालत परत जातो. "नाहीत" म्हणावं तर येतच नाही. म्हणून बापूंनी एक काळ शोधून काढलाय जो व्याकरणात नाही: "फुलतायत बगा! तुमी येईपर्यंत हुतंय."

यंदा मी गेलो तेव्हा दोन दिवस नुसतं धुकं. समोरची म्हैस दिसत नव्हती, आवाजावरून ओळखायची. तिसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी कातळावर बापूंशेजारी बसलो. फोन वाजला. पलीकडच्या बाई चिवट होत्या. त्यांना 'फुलतायत' चालेना, आहे की नाही सांगा म्हणाल्या. बापूंनी क्षणभर धुक्याकडे पाहिलं आणि फोन सरळ माझ्या हातात दिला. "हे आमचं गिऱ्हाईकच हितं बसलंय. त्यास्नीच इचारा."

मी पुण्याचा, सरकारी नोकरीत बत्तीस वर्षं काढलेला माणूस. समोर पांढऱ्या भिंतीशिवाय काही नव्हतं. बापू घोंगडीची दशी पिळत बसले होते.

"अहो, काय सांगू," मी म्हणालो, "नुसता गालिचा आहे. लवकर या."

हिशेब झाला तेव्हा बिलात रात्रीचं पिठलं धरलेलं नव्हतं.