फॉर्मॅट मारायची घाई नको

धाराशिव जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांनी एक वार लक्षात ठेवावा: महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारनंतरचा बुधवार. मायक्रोसॉफ्ट विंडोजचं मासिक अपडेट त्या मंगळवारी सोडते. तिकडे अमेरिकेत कंपनीच्या घड्याळात सकाळचे दहा वाजलेले असतात, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा. तेव्हा केंद्राचं शटर खाली आणि संगणक बंद. सकाळी बटण दाबलं की अपडेट उतरायला लागतं आणि दारात रांगही तेव्हाच लागते. "मशीन हँग आहे, दुपारून या," असं सांगितलं की वाशी-कळंबच्या खेड्यातून आलेल्या माणसाची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली.

त्यावर जो तो एकच सल्ला देतो, 'फॉर्मॅट मारा'. हा आळशी सल्ला आहे. फॉर्मॅट मारला की स्कॅन केलेली कागदपत्रं जातात. अंगठ्याचं मशीन, प्रिंटर, डिजिटल सही हे सगळं पुन्हा बसवावं लागतं. आणि एवढं करून तेच अपडेट परत येतं ते येतंच.

आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. 'डिस्क'च्या रकान्यात 100 टक्के दिसत असेल, तर संगणक बहुधा बिघडलेला नाही, कामात आहे. मोठ्या अपडेटनंतर विंडोज फायलींची सूची नव्याने करते, अँटीव्हायरस सगळं तपासतो. एक रात्र चालू ठेवा, मग रीस्टार्ट करा. 'स्टार्टअप'मधले नको ते प्रोग्राम बंद करा. दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा. सी ड्राइव्ह भरून लाल झाला असेल, तर 'विंडोज डॉट ओल्ड' हे फोल्डर जागा अडवून बसलं आहे का ते पाहा. ते काढण्याआधी मात्र विचार करा, कारण जुन्या आवृत्तीवर परत जायची सोय त्यातूनच मिळते आणि ती साधारण दहाच दिवस असते.

एवढं करूनही मशीन रांगत असेल, तर दोष बहुधा अपडेटचा नाही, फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कचा आहे. तिच्या जागी एसएसडी टाका, रॅम 4 जीबीची 8 करा. विंडोज 11 चार जीबीवर सुरू होते. पण ब्राउझरमध्ये पाच पोर्टलं उघडली की तिचा जीव जातो. नवा संगणक घ्यायच्या आधी हा खर्च करून पाहा.

दुसरा घातक सल्ला म्हणजे अपडेट कायमचं बंद करणं. ज्या मशीनवर लोकांचं आधार, पासबुक आणि सातबारा स्कॅन होतो, ते असं ठेवणं म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं. विंडोज 10चा नियमित सपोर्ट तर 14 ऑक्टोबर 2025 रोजीच संपला.  त्यापुढची विंडोज 11 घ्यायची, तर ती टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय मागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासूनचा. जुन्या मशीनवर ती आडमार्गाने बसवून देणारे भेटतील. पण पुढची अपडेटं मिळतीलच याची हमी तिथे कुणी देत नाही.

प्रशासनालाही सांगणं आहे. खरीप पीकविम्याची शेवटची तारीख बहुतेकदा 31 जुलैच्या आसपास असते. सोयाबीनवाल्या जिल्ह्याची सगळी गर्दी त्या आठवड्यात केंद्रांवर लोटते. दारावरचं दरपत्रक तपासता, तसं जूनमध्ये आतल्या संगणकाची प्रकृतीही तपासा. मशीन अडलं म्हणून कुणाचा अर्ज राहिला, तर त्याची शिक्षा शेतकऱ्याला नको.

आणि केंद्रचालकांनो, दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळीच अपडेट आठवडाभर 'पॉज' करा, शनिवारी शटर ओढल्यावर स्वतः उतरवा. यूपीएस चालू आहे ना, तेवढं आधी बघा. रांगेतल्या माणसाचा दिवस वाचवणं तुमच्या हातात आहे.