लुकण

मला फट बघवत नाही. दाराची, खिडकीची, गप्पांमधली, कुठलीच. बोलता बोलता समोरचा क्षणभर थांबला की त्याचं वाक्य मी पुरं करून टाकतो. या सवयीपायी गेल्या सोळा वर्षांत माझ्या बायकोला स्वतःचं एकही वाक्य संपवता आलेलं नाही, असं ती म्हणते. म्हणजे म्हणायला लागते, पुढचं मी म्हणतो. अशा माणसाने न्यू जर्सीत घर घेतलं.

इकडची घरं लांबून फळ्यांची दिसतात. जवळ गेल्यावर कळतं, त्या व्हायनिलच्या पट्ट्या असतात, एकीच्या कडेत दुसरी अडकवलेल्या. याला साइडिंग म्हणतात. त्याच्या आत कापडासारखा एक पांढरा थर, त्याच्या आत लाकडाच्या चिपा राळेत दाबून केलेला तक्ता, मग उभे वासे, वाशांमध्ये काचेचा कापूस, आणि मग आपण. पाऊस आणि आपण यांच्यामध्ये दगड असा नाहीच. राजापूरकडच्या जांभ्याच्या जाड भिंतीत वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. पहिल्या वर्षी मी सहज भिंतीवर टकटक केली, तर बाहेरून उत्तर आलं. सुतारपक्षी होता.

तर एकदा गवत कापताना भिंतीला हात टेकला आणि साइडिंगची पट्टी चक्क बाजूला सरकली. दुसरी ढकलून पाहिली, तीही सरकली. सगळं घरच सैल! बिल्डरच्या नावाने बोटं मोडत मी दोन रविवार घालवले आणि दिसेल तिथे स्क्रू पिळले. जुलैत ऊन तापलं आणि माझ्या दक्षिणेकडच्या भिंतीवर लाटा उठल्या. बारा फुटांची पट्टी हिवाळा-उन्हाळ्यात अर्धा इंच सहज वाढते नि आकसते. म्हणून तिला लांबट भोकं असतात, खिळा भोकाच्या मधोमध मारायचा आणि शेवटपर्यंत ठोकायचा नाही, पट्टी नुसती टांगून ठेवायची. हे सगळं मला लाटा बघायला आलेल्या शेजाऱ्याने सांगितलं.

एवढ्यावर मी शहाणा व्हायला हवा होतो. पण त्याच सुमारास मला कॉकची पिचकारी सापडली. कॉक म्हणजे आपलं लुकणच, पण नळीत भरलेलं आणि चाप ओढला की टूथपेस्टसारखं सरसर बाहेर येणारं. ते हातात आल्यावर माणूस लहान होतो. मी खिडक्यांच्या चौकटी भरल्या, दारांच्या पट्ट्या भरल्या. खिडकीवरच्या पत्र्याच्या वळचणीखाली एक बारीक फट होती, ती भरली. मग उकिडवं बसून पाहिलं, तर साइडिंगच्या प्रत्येक पट्टीच्या खालच्या कडेला बारीक भोकं! किती निष्काळजी लोक, म्हणत तीही बुजवली. अकरा नळ्या लागल्या. त्या रात्री मला जी झोप लागली तशी नंतर कधी लागली नाही.

तीन वर्षांनी माझे वडील, आप्पा, आले. आल्याच्या चौथ्या दिवशी चहाचा कप घेऊन ते घराभोवती प्रदक्षिणा घालत होते. गॅरेजच्या दाराशी थांबले. तिथली लाकडी उभी पट्टी खालून सुटून ओठासारखी बाहेर आली होती.

"हे काय रे?"

"रंगाचे पोपडे आहेत, आप्पा. रविवारी खरवडतो."

आप्पांनी कप कठड्यावर ठेवला, माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि त्या पट्टीत खुपसला. शिऱ्यात चमचा जावा तसा तो मुठीपर्यंत गेला. बाहेर आला तो चार मुंगळे घेऊन.

मग मी ओल मोजायचं यंत्र आणलं. दोन सुया लाकडात टोचायच्या, आकडा येतो. पंधराच्या आत असेल तर बरं, विसाच्या पुढे काळजी, तिशीच्या आसपास बुरशीची पंगत. आमचा आकडा चौतीस आला. इंग्रजीत या कुजण्याला 'ड्राय रॉट' म्हणतात. ज्याने हे नाव ठेवलं त्याने ते बहुधा वाळून गेल्यावर पाहिलं असावं, कारण ओल असल्याशिवाय ही बुरशी काही करू शकत नाही. आप्पांना यंत्राचं काही कौतुक वाटलं नाही. "स्क्रू ड्रायव्हरने फुकटात सांगितलं होतं," म्हणाले.

एका कंत्राटदाराला बोलावलं. तो गाडीतून उतरलाच नाही, काचेतून फोटो काढून त्याने असा आकडा पाठवला की आप्पांनी तो रुपयांत आहे का एवढंच विचारलं. मग आम्हीच लागलो कामाला.

हुकाच्या आकाराचं एक हत्यार मिळतं, ते पट्टीच्या कडेखाली घालून ओढत नेलं की साइडिंग चेन उघडल्यासारखं सुटतं. खिडकीखालची एक पट्टी उघडली. मागून ओल्या तळघराचा वास आला आणि तक्ता भिजलेल्या वेफरसारखा फुगलेला दिसला. आप्पा बराच वेळ आत बघत राहिले. मग म्हणाले, "अरे, ही तर झापं आहेत."

गावाकडे मे महिन्यात झावळ्यांची झापं विणून पावसाच्या तोंडावरच्या भिंतीला बांधायचे. झड झापांनी अंगावर घ्यायची, भिंतीने नाही. थोडं पाणी मागे जायचंच, पण वाऱ्याने वाळायचं, नाहीतर ओघळून खाली जायचं. नवरात्रानंतर झापं सोडायची. रत्नागिरी जिल्ह्यात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याला तोंड देणारी ही व्यवस्था सुंभाने बांधलेली असायची. व्हायनिलही सगळं पाणी अडवत नाही. ते फक्त जोर मोडतं. मागे गेलेलं पाणी पांढऱ्या थरावरून घसरत खाली येतं आणि बारीक भोकांतून बाहेर पडतं. आमच्या या घरात ते आत जात होतं आणि बाहेर पडायला जागा शोधत होतं.

"पाणी येऊ नये म्हणून तू मोरी बुजवलीस, मेल्या," आप्पा म्हणाले.

बायको चहा घेऊन आली होती. "आप्पा, मी तेव्हाच म्हणत होते की..." ती म्हणाली आणि थांबली. मी गप्प बसलो. तीही गोंधळली. पुढचं वाक्य तिच्याकडे तयार नव्हतं.

नंतरचे तीन आठवडे मी लुकण काढत होतो. चाप ओढून भराभर घातलेलं लुकण! कुजलेली लाकडी पट्टी टणक लाकूड लागेपर्यंत कापत वर गेलो आणि तिथे पीव्हीसीची बसवली, जमिनीपासून अर्धा इंच वर. लाकडी पट्टी जमिनीला टेकली की ती पाणी वर ओढते, वातीसारखी. तक्त्याचा कुजलेला तुकडा बदलला. पांढरा थर पुन्हा लावताना मी वरचा तुकडा खालच्याच्या आत खोचत होतो, कारण तसा तो नीटनेटका दिसत होता. आप्पांनी हात धरला. "कौलं कधी बघितलीस का जन्मात? वरचं खालच्याच्या अंगावर." बाकी भोकं मोकळी करायला माझी मुलगी सुई घेऊन बसली. तिने एका भोकाला पाच सेंट असा दर लावला आणि पुष्कळ कमावलं.

पाऊस आला तो रात्री. आम्ही सगळे छत्र्या आणि टॉर्च घेऊन बाहेर, खिडकीखाली वाकलेले. बराच वेळ काही नाही. मग एका भोकातून थेंब आला, शेजारच्यातून दुसरा. "आलं, आलं!" आप्पा ओरडले. पलीकडच्या घरातला दिवा लागला. घरातून पाणी गळतंय म्हणून टाळ्या वाजवणारी माणसं त्या गल्लीत पूर्वी कुणी पाहिली नसावीत.

आप्पा परत गेले. परवा फोन आला. माझ्या धाकट्या भावाने म्हणे गावच्या घराला बाहेरून गिलावा करून घेतला, सगळा जांभा सिमेंटने लिंपला, वर चकचकीत रंग. आता माजघराची भिंत श्रावणात घामेजते आणि आतून पोपडे सुटतायत.

"मग झापं?" मी विचारलं.

"झापं कसली? म्हणाला, आता फटच राहिली नाही." आप्पा जरा थांबले. मी काही बोललो नाही. "तू दिवाळीला येतोयस ना? येताना तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन ये."