सलाइन आणि येरवडा यांच्या मधे

झोप उडालेली, भूक मेलेली, छातीत धडधड, अंगात त्राण नाही. एवढं घेऊन बाई तालुक्याच्या दवाखान्यात जाते. ईसीजी नॉर्मल. रक्त थोडं कमी. एक सलाइन, एक ताकदीचं इंजेक्शन आणि वर ‘टेन्शन घेऊ नका’. दोन महिन्यांनी तीच बाई, तीच धडधड, दुसरा डॉक्टर. मधल्या काळात कुणी देवऋषी सुचवतं, कुणी उपास. ‘कशातच मन लागेनासं झालंय का?’ एवढा साधा प्रश्न मात्र तिला कुणीच विचारत नाही.

तिला नैराश्य असू शकतं, चिंतेचा आजार असू शकतो. दोन्ही नेहमीची दुखणी, घरोघरी आढळणारी. पण गावाला मनाच्या इलाजाचा एकच पत्ता ठाऊक: येरवडा. फार तर ठाणे, नागपूर, रत्नागिरी. ही मनोरुग्णालयं हवीतच, तिथल्या रुग्णांना ती लागतात. पण त्यांचं नुसतं नाव निघालं, की घरचे म्हणतात, ‘पोरीचं लग्न व्हायचंय अजून.’ विषय तिथेच मिटतो.

बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत पाहणी केली. त्यांत महाराष्ट्र नव्हता. नेहमीच्या मानसिक आजारांच्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळतच नाहीत, असं त्यात दिसलं. तज्ज्ञ कमी आहेत, हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. खरं आहे, पण अपुरं आहे.

कारण शेजारच्या गोव्याने दुसरं उत्तर देऊन दाखवलंय. ‘संगाथ’ या संस्थेने विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक बसवले. ते डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. स्थानिक माणसं, थोडक्या दिवसांचं प्रशिक्षण, कामावर सतत देखरेख. रुग्णाशी सहा ते आठ भेटी, त्याच्याच भाषेत. सोडून दिलेली कामं, तुटलेल्या ओळखी, बंद पडलेलं फिरणं एकेक करून पुन्हा सुरू करायचं, अडेल तिथे सोबत बसून वाट काढायची. निकाल २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. या भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक तीन महिन्यांत नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना भेटी मिळाल्या नाहीत, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. आणि हे सौम्य उदासीचे रुग्ण नव्हते, तीव्र नैराश्याचे होते.

मग गोव्याच्या हद्दीवरच्या बांद्याच्या अलीकडे, महाराष्ट्रात, हे का नाही? आपल्याकडे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, पण त्याचा तज्ज्ञ जिल्ह्याला. तिथे जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं, आणि कुठे निघालीस हे दहा जणांना सांगावं लागतं. जीव द्यावासा वाटत असेल, तर तज्ज्ञापर्यंत पोचलंच पाहिजे, आणि पोचवण्याचं काम घरच्यांचं. बाकीच्यांना पहिला आधार चालत जाण्याच्या अंतरावर हवा.

फोन आहे. १४४१६. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट, रात्रंदिवस, मराठीतही. हा आकडा रेशन दुकानावर, एसटी स्टँडवर, कॉलेजच्या भिंतीवर रंगवायला कुणी अडवलंय? तरीही दोन खोल्यांच्या घरात, सासू-नवरा-मुलं समोर असताना, ती बाई फोनवर काय बोलणार? तिला दार लोटून घेता येईल अशी खोली हवी आणि समोर ऐकणारं माणूस हवं.

प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक समुपदेशक, मंजूर पदावर, महिन्याच्या पगारावर. जिल्हा परिषदेच्या सदस्याला, आमदाराला हेच विचारा, वारंवार विचारा. आणि हे आणखी एक काम आशाताईंच्या गळ्यात फुकटात घालू नका.