भाद्रपदात रंधा काढू नये

कोकणातल्या जुन्या घराला वाळवी लागते, भुंगा लागतो, पागोळ्यांचं पाणी लागतं आणि भाद्रपदात मुंबईहून मालक लागतात. पहिल्या तिघांवर औषध आहे.

आमचं घर सिंधुदुर्गात. चिऱ्याचं, कौलारू, आणि घरपट्टीच्या पावतीवर मावणार नाहीत इतक्या वारसांचं. हे सगळे वारस एकत्र येतात ते गणपतीत. म्हणजे नेमके अशा वेळी, जेव्हा घरातलं झाडून सगळं लाकूड तीन महिने पाऊस पिऊन तट्ट फुगलेलं असतं. आरती होते, मोदक होतात, आणि दुपारी जरा वारा यावा म्हणून कुणीतरी माजघराची खिडकी उघडायला जातं. ती उघडत नाही. मग घरातले सगळे पुरुष वयाच्या उतरत्या क्रमाने तिच्याशी झटून येतात. शेवटी धाकटे काका पिशवीतून रंधा काढतात. काका बँकेतून निवृत्त झाल्यापासून सुतारकामाचे व्हिडिओ बघतात. रंधा नवा आहे, पात्याला धार आहे आणि हाताशी वेळ आहे. एखाद्या खिडकीवर यापेक्षा वाईट ग्रह जमून येणं कठीण.

आमचे सुतारतात्या तेव्हा पडवीत चहा पीत असतात. ते बशीतून मान वर न करता म्हणतात, "काकांनू, आता नको. पाऊस जावंदे, मगे बघूया."

"पाऊस गेल्यावर आम्ही इथे असतो का?" काका विचारतात.

दोघांचंही खरं असतं. खिडकी मात्र एकच असते.

यात तात्यांची बाजू घेणं मला भाग आहे, कारण शास्त्र त्यांच्याकडे आहे. लाकूड फुगतं ते आडवं. लांबीत ते जवळजवळ वाढतच नाही. फूटभर रुंदीची फळी उन्हाळ्यातून पावसाळ्यात जाताना साधारण सूतभर फुगते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. जुन्या सुतारांनी झडप आणि चौकट यांच्यात मोकळीक ठेवली तीही याच मापात. तेव्हा भाद्रपदात जेवढं रंधून काढाल तेवढी फट वैशाखात पदरात पडते, आणि रंधलेलं लाकूड काही परत चिकटवता येत नाही. काकांनी हात फिरवलेल्या खिडकीतून मे महिन्यात पाल आत आली, सहकुटुंब. मे महिन्यात वारसही आंबे खायला येतात म्हणा. पण तेव्हा सगळ्या खिडक्या एका बोटाने उघडतात, त्यामुळे दुरुस्तीची आठवण कुणालाच होत नाही.

बरं, अडलेली खिडकी दरवेळी फुगलेलीच असते असंही नाही. कडेवर खडू घासावा, खिडकी हलकेच लावून उघडावी. चौकटीवर जिथे खडू उमटेल तिथेच ती घासते. निम्म्या वेळा तिथे लाकूड नसतंच, रंग असतो. आमच्याकडे लग्न ठरलं की खिडक्यांना ऑइलपेंटचा हात, मुंज ठरली की आणखी एक. जुना खरवडायचा असतो हे कुणाच्या डोक्यात येत नाही. तात्यांनी एकदा एका कडेचा पापुद्रा काढला, तर खाली हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली तपकिरी. आत्याने प्रत्येक रंगावर बोट ठेवून कोणाचं लग्न ते सांगितलं. निळ्या रंगाच्या जावयाशी हल्ली बोलणं नाही.

हे खरवडताना एक पथ्य पाळा. घरगुती रंगात शिसं दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, ही मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असेल असंच धरून चालायचं. कोरडा पॉलिशपेपर मारून धूळ उडवू नये. रंग ओला करून खरवडावा, तोंडावर धुळीचा चांगला मास्क असावा, आणि पोरांना, त्यातही रांगत्या पोरांना, तिकडे फिरकू देऊ नये. काका दाराशी बसून पापुद्रे जमवतात आणि ते "जुन्या काळची कारागिरी" म्हणून नातवंडांना दाखवतात, ते बंद करावं.

आता लाकडाविषयी. कोकणातल्या प्रत्येक घराचं लाकूड ब्रह्मदेशातून आलेलं असतं. आमचं तर थेट मौलमीनहून गलबतात बसून आलं, असं थोरले काका सांगत. खापरपणजोबांनी म्हणे एकेक ओंडका वाजवून घेतला होता. तात्यांनी खिडकीच्या चौकटीला आतल्या बाजूने पटाशी लावली, बोटभर साल काढली, आणि आतून पिवळाधमक रंग निघाला. फणस! ताजं कापलं की पिवळं, आणि वयाबरोबर गडद होत सागासारखं दिसणारं. वाड्यात दोन मिनिटं सुतक पडलं. वास्तविक फणसाचं लाकूड वाळवीला सहजी दाद देत नाही, तंजावरच्या वीणा त्याच्याच होतात, आणि हा फणस बहुधा परसातलाच असल्याने गलबताचं भाडंही वाचलं असणार. पण मौलमीन गेलं ते गेलं. थोरले काका त्या दिवशी उकडीचे मोदकही मोजून जेवले.

खिडकी कुजते ती खालून. चौकटीच्या उभ्या लाकडांची टोकं चिऱ्यात असतात, चिरा पावसाळाभर ओल धरतो, आणि लाकूड पाणी ओढतं ते सगळ्यांत जास्त कापलेल्या टोकाकडून. त्यामुळे वरून रंग कितीही चकचकीत असला तरी आरीचं टोक खालच्या कोपऱ्यात खुपसून बघायचं. सहज आत गेलं तर दुखणं तिथे आहे. मग लगेच लाकूड बदलायला धावायचं नाही. आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं. एक कौल सरकलेलं असतं, नाहीतर पन्हळ पानांनी तुंबलेली असते. ते तसंच ठेवून नवीन सागवान बसवणं म्हणजे बुरशीला ताजं ताट वाढणं. खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूला उतार हवा आणि तिच्या पोटाखाली एक बारीक खाच हवी. पाणी त्या खाचेशी येऊन टपकन खाली पडतं, भिंतीकडे वळत नाही.

कुजलेला भाग तात्या तिरका कापतात आणि तितकाच तुकडा जोडतात. तिरप्या सांध्याला चिकटायला जागा जास्त मिळते. तुकडा जुन्याच लाकडाचा, रेषा त्याच दिशेने. त्यासाठी आमच्या माळ्यावर पणजीच्या मोडक्या पलंगाचे पाय आहेत. ते टाकून द्यावेत असा ठराव दर गणपतीत येतो आणि तात्या दर गणपतीत तो हाणून पाडतात. वखारीतल्या कोवळ्या सागात बाहेरचा पांढरट भाग बराच असतो, आणि वाळवीला तोच आवडतो.

झडपेतल्या मधल्या फळ्या खुळखुळतात ही तक्रार तर घरोघरची. त्या खुळखुळायलाच हव्यात. चौकटीच्या खाचेत त्या सुट्या बसवलेल्या असतात, म्हणजे फुगायला-आटायला जागा राहते. आमच्या एका मामांनी रात्री झोप लागेना म्हणून एका फळीला चारही बाजूंनी खिळे मारले. मार्चमध्ये ती मधोमध तडकली. आवाज इतका मोठा झाला, की मामा पुन्हा जागे झाले.

जुने स्क्रू हा वेगळा विषय आहे, पण थोडक्यात सांगतो. आधी खाचेतला रंग आरीच्या टोकाने साफ करा, मग स्क्रू किंचित आवळा, मग सोडवा. तरी हलला नाही तर तापलेलं सोल्डरिंग आयर्न त्याच्या डोक्यावर क्षणभर टेकवा. भोक सैल झालं असेल तर त्यात गोंद लावून काडेपेटीच्या काड्या ठोका, गुल काढून. गुल काढून हे मुद्दाम सांगतो; आमच्याकडे मंडळी सुशिक्षित आहेत.

आणि लाकडाला जवसाचं तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापतं, आणि चिंध्यांचा गोळा आपोआप पेट घेतो. त्या पाण्यात भिजवा किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा.

पुण्याच्या चुलतभावाचा या सगळ्यावर एकच तोडगा आहे: ॲल्युमिनियमची स्लायडिंग. त्याचा कोटेशन कागदही तयार असतो. पण दोन पट्ट्यांची स्लायडिंग कितीही सरकवा, एका वेळी निम्मीच उघडते. आमच्या खिडकीला वर दोन आणि खाली दोन अशा चार झडपा आहेत. खालच्या लावून घेतल्या की आडोसा होतो, वरच्या उघड्या ठेवल्या की वारा येतो. हे मी त्याला समजावून सांगितलं. त्याला ते पटलं नाही, पण खिडकी बदलायला सगळ्या वारसांची संमती लागते आणि आमच्यात ती गणपतीच्या नैवेद्याच्या भाजीवरही होत नाही. कोकणातल्या कितीतरी सुंदर खिडक्या आज उभ्या आहेत त्या सुतारांमुळे थोड्या, भाऊबंदकीमुळे जास्त.

तेव्हा तुमच्याही घरात अशी खिडकी असेल, तर भाद्रपदात तिच्या कडेला फक्त मेणबत्ती घासा आणि गप्प बसा. रंध्याचं काम जाणणारा सुतार गाठून त्याची माघातली तारीख आत्ताच घ्या आणि हातावर थोडे आगाऊ पैसे ठेवा. हल्लीची मुलं प्लायवूड आणि सनमायकात वाकबगार आहेत, पण सांधा म्हटलं की फेविकॉल शोधतात. आमच्या तात्यांच्या तारखा पुढच्या होळीपर्यंत गेल्या आहेत. तिथे विचारू नका.