पूर्वजांच्या मागावर, सायकलवरून: दिल्लीतल्या नवशिक्यांसाठी

बदली होऊन नोएडा-गुडगावला आलेल्या मराठी माणसाला पहिल्याच हिवाळ्यात दोन खुळं लागतात: सायकल आणि पानिपत. दोन्ही एकदम केली तर घरच्यांची बोलणी एकदाच खावी लागतात, म्हणून ही पद्धत सोयीची.

सुरुवात सायकलच्या दुकानात करू नये. थोरल्या आत्याला फोन लावावा. मात्र ‘आपल्यापैकी कुणी पानिपतात पडलं होतं का?’ असं विचारू नये, कारण उत्तर ‘हो’च येतं. प्रत्येक घराचा एक पूर्वज तिथे पडलेला असतो आणि तो नेमका सरदार असतो. घोड्याचा मोतद्दार, पाणक्या, बैल हाकणारा असा पूर्वज आजवर कुणाच्या आत्याला आठवलेला नाही. आत्याला विचारायचं ते एवढंच: मूळ गाव कुठलं, त्याच्या आधीचं कुठलं, कुलदैवत कोणतं, आणि आजोबा-पणजोबांपैकी गंगेवर कोण जाऊन आलं. गावाबरोबर जुना जिल्हाही लिहून घ्यावा. सांगलीकरांनी लक्षात ठेवावं की १९४९ पूर्वी त्यांचा जिल्हाच नव्हता. लातूरकर १९८२ पर्यंत उस्मानाबादचे होते. तीर्थक्षेत्रातल्या पंड्यांच्या जुन्या वहीत आजचा जिल्हा शोधणारा रिकाम्या हाताने परततो.

आता सामान. मोहीम आणि तीर्थयात्रा एकत्र उरकण्याची कल्पना तुमची नव्हे. १७६० साली भाऊसाहेबांच्या फौजेमागे यात्रेकरू, बायका-मुलं, बाजारबुणगे असा मोठा पसारा उत्तरेत आला होता. अठरा वर्षांचे नाना फडणीसही आई आणि पत्नीसह त्यात होते. नाना वाचले, पुढे आत्मचरित्रात हे लिहूनही गेले. आई परतल्या नाहीत. फौजेला तो पसारा अखेरपर्यंत ओढावा लागला. तेव्हा कॅरियरवर तंबू, स्लीपिंग बॅग, जादा ट्यूब, पंप, पाना आणि एक वही पुरे. थर्मास, फोल्डिंग खुर्ची आणि रियासतीचे खंड घरी ठेवावेत.

पहिला रस्ता बुराडीवरून. १० जानेवारी १७६० रोजी यमुनेच्या पात्रात दत्ताजी शिंदे पडले ते इथेच. आज तिथे घरांची इतकी दाटी आहे की इतिहासापेक्षा ई-रिक्षा चुकवण्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. पुढे अलीपूर, सोनीपत, गन्नौर, समालखा करत पानिपत, नव्वदेक किलोमीटर. जी. टी. रोडवर ट्रकवाले सायकलला वाहन समजत नाहीत. जानेवारीत धुकं असं उतरतं की पुढचं चाक दिसलं तरी नशीब, म्हणून मागे लाल दिवा हवाच आणि ऊन वर आल्याशिवाय निघू नये. वाटेत मोगलांचे कोसमिनार लागतात. एक कोस म्हणजे साधारण तीन किलोमीटर, म्हणजे दमलं की दोष कुणाला द्यायचा हे ठरलेलं. मुरथलला पांढऱ्या लोण्याचा पराठा खावा. १७६१च्या जानेवारीत मराठी छावणीची उपासमार चालली होती हे दुसऱ्या पराठ्याला आठवावं, पहिल्याला नको.

तंबू दिसेल त्या शेतात ठोकू नये. गहू उभा असतो आणि मालक जागा असतो. ढाब्यावर खाट मागावी किंवा गुरुद्वाऱ्यात विचारावं; अंगण मिळतं, लंगरही मिळतो, आणि तंबू उघडायची वेळच येत नाही. कॅम्पिंगचे हौशी लोक याला कॅम्पिंग म्हणत नाहीत. न म्हणोत बापडे.

पानिपत शहराबाहेर काला आम इथे स्मारक आहे. आंब्याचं झाड कधीच गेलं. तिथे सायकल टेकवून फोटो काढावा, पण पूर्वज तिथे सापडतील अशी अपेक्षा ठेवू नये. शिलालेखांवर मोतद्दारांची नावं नसतात. आसपास पानिपत-कर्नालच्या गावांत रोड समाजाचे लोक स्वतःला त्या युद्धातून मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. अभ्यासकांचं यावर एकमत नाही. चहा पिताना हा मुद्दा काढू नये. ते तुम्हाला ‘घरचे’ म्हणून जेवायला बसवतात, आणि तुमच्या आत्याचा पुरावा त्यांच्या पुराव्याहून भक्कम असतो असं नाही.

खरी वही हवी असेल तर दुसरा रस्ता धरावा. मुरादनगरहून गंगनहरच्या पटरीने थेट हरिद्वार. कालवा १८५४ साली सुरू झाला, वाट सपाट, एका बाजूला पाणी, दुसरीकडे ऊस. उत्तरेकडच्या श्रावणात (म्हणजे आपल्या आषाढाच्या वद्य पक्षात) जाऊ नये. तेव्हा पटरी कांवडियांची असते. हरिद्वारला पंडा आधी नाव नव्हे, गाव विचारतो. वह्या गाव आणि जातीप्रमाणे लावलेल्या असतात, आणि तिथे सरदार-मोतद्दार दोघांनाही सारखीच ओळ मिळते. कोण कुणाचा मुलगा, कुणासोबत आला, कुणाच्या अस्थी आणल्या, एवढंच लिहिलेलं असतं; पराक्रमाचा रकाना नसतो. तुमच्या गावची वही तिथे नसेल तर नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया अशी दारं उघडी आहेत. सायकलचा हट्ट मात्र तिथे सोडावा.

पानिपतातल्या पूर्वजाचा कागदच हवा असेल, तर पेशवे दफ्तर पुण्यात आहे आणि बहुतेक मोडीत आहे. म्हणजे सगळी दिल्ली पालथी घातल्यावर अखेर पुण्याला येऊन मोडीच्या वर्गात बसावं लागतं. हे आधीच सांगितलं असतं तर तुम्ही सायकल घेतली नसती.

वहीत ओळ सापडली की पंडा तुमचीही नोंद करून घेतो आणि दक्षिणा मागतो, द्यावी. नाव, गाव, मुलाबाळांची नावं स्वच्छ अक्षरात लिहावीत, तारीख घालावी. ‘पूर्वज पानिपतात सरदार होते’ हे मात्र कागद हाती येईपर्यंत लिहू नये. पुढे कुणीतरी सायकलवरून येऊन ते खरं मानेल.