लाइट वाढवली कुणी?

इचलकरंजीच्या एखाद्या प्रोसेस हाऊसमध्ये मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हच्या पडद्यावर ‘ओव्हरव्होल्टेज’ उमटलं, की पहिला संशयित ठरलेला असतो: महावितरण. ‘लाइट वाढलीया बघा,’ वायरमन निदान करतो आणि शेठ फोन उचलतात. ड्राइव्हवाला येऊन मीटर लावतो, तर काटेकोर ४१५ व्होल्ट. बरं, ही लाइट वाढते तीही नेमकी हायड्रो थांबवताना. महावितरणला हायड्रोचं वेळापत्रक कोण कळवतं, हे कुणी विचारत नाही.

हायड्रो म्हणजे ओलं कापड गरागरा फिरवून पाणी काढणारं यंत्र. बटन बंद केलं तरी त्याची भरलेली बास्केट आपल्या तंद्रीत फिरत राहते. शेठना तेवढी सवड नसते, म्हणून थांबायचा वेळ, म्हणजे डिसेलरेशन टाइम, २० सेकंदांवर आणलेला असतो. मग ड्राइव्ह मोटरला आवरू लागतो, बास्केट मोटरला पुढे रेटते आणि मोटर चक्क जनरेटर होते. ती वीज ड्राइव्हमध्ये शिरते. पण तिथून लाइनवर परत जायला वाट नाही, दारात एकतर्फी डायोड उभे आहेत. एरवी साधारण ५८७ व्होल्टांवर असलेली ड्राइव्हमधली डीसी बस चढत चढत आठशेच्या वर गेली, की ड्राइव्ह हात झटकतो. बास्केट मोकाट सुटते, आणि घाई करणाऱ्याला सगळ्यात जास्त वेळ ताटकळावं लागतं.

उपाय म्हणून ब्रेक रेझिस्टन्स येतो.

‘ब्रेक म्हनता आणि शेगडी बसवता?’ शेठ विचारतात. शेगडीच ती! बस ७६० व्होल्टांच्या आसपास गेली की ड्राइव्हमधला चॉपर ४० ओहमची तार मध्ये घालतो, आणि त्या क्षणाला चौदा किलोवॉटच्या वर वीज उष्णता होऊन जाते. वायरमनला तगडा ब्रेक हवा, म्हणून तो जास्त ओहमचा मागतो. हिशेब उलटा आहे: ओहम कमी, तेवढा ब्रेक कडक. मात्र मॅन्युअलातल्या किमान ओहमच्या खाली गेलात, तर आधी चॉपरचाच धूर निघतो.

एवढं करूनही हायड्रो रेंगाळतच थांबतो. कारण ‘स्टॉल प्रिव्हेन्शन’ हे सद्गुणी सेटिंग. बस चढताना दिसली की ते गुपचूप थांबण्याचा वेळ वाढवतं. रेझिस्टन्सला तापायची संधीच मिळत नाही. यास्कावाच्या ए१००० मालिकेत त्याचं नाव एल३-०४, आणि कारखान्यातून ते चालू अवस्थेतच येतं. रेझिस्टन्स जोडला की ते ० करायचं, हे त्याच मॅन्युअलात लिहिलेलं असतं. मॅन्युअल कुठे? पॅनेलच्या दाराला टेकू म्हणून.

रेझिस्टन्समधून दोन बारीक वायरीही निघतात. वायरमन त्यांना ‘जास्तीच्या’ ठरवून टेप गुंडाळतो. त्या थर्मल स्विचच्या. मेन काँटॅक्टरच्या कॉइलला जोडायच्या. चॉपर शॉर्ट झाला तर ड्राइव्ह ट्रिप होऊनही रेझिस्टन्स लालबुंद तापत राहतो. तेव्हा वरची लाइटच तोडावी लागते.

सगळं जमतं. हायड्रो वीस सेकंदांत थांबतो. खूश होऊन शेठ जुना पायाचा ब्रेक भंगारात काढायला सांगतात; भंगारवाला वजनकाटा घेऊन हजर.

‘आणि लाइट गेली तर वो?’ हायड्रोवरचा पोरगा विचारतो.

लाइट गेली, की ड्राइव्ह मोटर सोडून देणार आणि बास्केट पुन्हा मोकाट. ड्राइव्हवाला पायाच्या ब्रेककडे बोट दाखवतो. भंगारवाला काटा पुन्हा टेम्पोत ठेवतो आणि येण्याजाण्याचं भाडं मागतो.