बॅसिलिकेत सोलापुरी चादर

गोव्याला जाऊन फुलपँट घालणाऱ्याला गोवा कळत नाही, असं आमच्या मेहुण्याचं मत. त्याचं ऐकून मी निपाणीच्या बाजारात आयुष्यातली पहिली बर्म्युडा घेतली. केशरी, वर नारळाची झाडं. बायको म्हणाली, "अहो, वय काय तुमचं?" मी म्हणालो, "गोव्याला निघालेल्या माणसाला वय नसतं." चोर्ला घाट उतरेपर्यंत हे वाक्य माझं मलाच फार आवडलं होतं.

जुन्या गोव्यातली बों जेझूसची बॅसिलिका आम्ही साधीसुधी बघणार नव्हतो. भाच्यानं इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक गाठून ठेवले होते. तज्ज्ञ भेटणार म्हटल्यावर मला रात्रभर झोप नाही. ऐकायला मिळणार म्हणून नव्हे, आपल्याला काय येतं ते सांगायला मिळणार म्हणून. मोबाइलवर सगळं पाठ करून टाकलं. काम सुरू 1594, पूर्ण 1605, बॅसिलिकेचा दर्जा 1946, युनेस्कोच्या यादीत 1986. चाळीस वर्षं तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिलेत; आकडे म्हणजे आपल्या हातचा मळ.

दारातच रखवालदारानं अडवलं. "गुडघे," एवढंच म्हणाला. गुडघे झाकून आत जायचं, असा फलक माझ्या नाकासमोरच होता. पाठांतरात तेवढा राहिला होता. शेवटी गाडीतून सोलापुरी चादर आणली. घाटात मेहुणीला थंडी वाजते म्हणून घेतलेली. ती कमरेला गुंडाळून मी सरांसमोर उभा राहिलो. दोन गोऱ्या बायकांनी बॅसिलिका सोडून माझा फोटो काढला.

"तुम्ही बेळगावचे?" सरांनी विचारलं. मी हो म्हणालो. निपाणी सांगितलं की तंबाखू आणि सीमाप्रश्न दोन्ही समजावून सांगावे लागतात, आणि चादर सावरत सीमाप्रश्न सांगता येत नाही.

बाहेरून बघितली तर भिंती उघड्या जांभ्याच्या, लालभडक. सर बोलायच्या आत मी सुरू झालो. "गिलावा राहिलेला दिसतोय. पैसे संपले असणार. आमच्याकडे गिलावा राहिलेलं घर म्हणजे एक तर कर्ज संपलं, नाही तर भाऊबंदकी सुरू झाली." (आमच्या स्वतःच्या घराची मागची भिंत नऊ वर्षं तशीच आहे, तेव्हा हा अनुभवाचा भाग.) सर शांतपणे म्हणाले, "गिलावा होता. 1950 च्या दशकात काढून टाकला. इमारत अशी उघडी जुनी वाटते म्हणून. जांभा पाऊस पितो, साहेब. गिलावा म्हणजे त्याची छत्री होती." मेहुणा माझ्याकडे न बघता मोठ्यानं "वा!" म्हणाला.

आत सरांनी खरा रंग भरला. सेंट फ्रान्सिस झेवियर 3 डिसेंबर 1552 ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले. शव आधी मलाक्काला, मग 1554 मध्ये गोव्यात. 1614 मध्ये उजवा हात रोमला पाठवला. चांदीची पेटी गोव्यातल्याच कारागिरांची, 1637 ची. खालचं संगमरवरी काम मात्र फ्लॉरेन्सच्या फोजिनी नावाच्या शिल्पकाराचं. ते 1698 मध्ये इथं उभं राहिलं. तस्कनीचा ड्यूक तिसरा कोसिमो यानं ते पाठवलं आणि बदल्यात त्याला मिळाली संतांच्या डोक्याखालची उशी, असं सांगतात.

उशीच्या बदल्यात एवढा संगमरवर! माझ्यातला वखारीचा कारकून जागा झाला. हा व्यवहार मेहुणीला समजावून सांगावा म्हणून मी वर ठेवलेल्या पेटीकडे दोन्ही हात केले. दोन्ही.

चादर सुटली.

जुन्या गोव्याच्या त्या गार, काळोख्या शांततेत नारळाची केशरी झाडं एकदम उगवली. पुढच्या बाकावरच्या आजीबाईंनी क्रूस केला. बायकोनं चादर उचलून माझ्या कमरेला अशी आवळली की पुढचा अर्धा तास माझ्या तोंडून एक सन बाहेर पडला नाही. तोच अर्धा तास सहलीतला सगळ्यात चांगला होता, असं नंतर सगळ्यांचं एकमत झालं.

निरोप घेताना सर म्हणाले, "तुमच्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती मी तीनदा बघितली. काळ्या पाषाणातले नेमिनाथ, आणि छताचं ते बहात्तर पाकळ्यांचं कमळ! केव्हाची हो ती?"

पाठांतरात नव्हतं. मी चादरीची गाठ घट्ट केली. सरच म्हणाले, "1204. रट्टांच्या बिचिराजानं बांधलेली. बॅसिलिकेच्या आधी चारशे वर्षं."

किल्ला बेळगावच्या स्टँडला लागूनच आहे. तिथं मी आजवर हजार वेळा तरी गाडी बदलली असेल. परवा परत गेलो होतो, मुद्दाम फुलपँट घालून. स्टँडवर उतरलो, किल्ल्याच्या खंदकाकडे बघितलं, पण तेवढ्यात निपाणीची गाडी लागली आणि खिडकीची जागा रिकामी होती.